पावसाच्या आधी त्यांना खुर्चीतून उठवा

चेन्नईतल्या अड्यार, बेझंट नगर, तिरुवान्मियूर, कोट्टूरपुरम, वेळचेरी आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या नव्या उंच इमारतींत राहणाऱ्या सगळ्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे, आणि तिला मुदत आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत येतो. महाराष्ट्रातला पाऊस तेव्हा परतलेला असतो. इथे तो सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम करतो. या दिवसांत इथल्या थकल्याभागल्या म्हाताऱ्या माणसांचं चालणं बंद पडतं. रस्त्यात पाणी, फरशा निसरड्या, पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत. मुलगा म्हणतो, ‘आई, आज नको.’ हे ‘आज नको’ पोंगलपर्यंत चालतं. मग जानेवारीत छान कोवळं ऊन पडतं, आणि सप्टेंबरात इमारतीखालच्या बाकापर्यंत स्वतःच्या पायांनी जाणारी आई न्हाणीघरापर्यंत जायलाही कुणाचा तरी हात मागते. घरातले म्हणतात, वय झालं.

वय चार महिन्यांत इतकं होत नसतं. चार महिने बसून राहिल्याचा तो परिणाम असतो, आणि तो टाळता येतो. म्हणून पाऊस यायच्या आत हे लिहिते आहे.

म्हाताऱ्या माणसाला आराम द्यावा, त्याच्या हातचं काम काढून घ्यावं, पडू नये म्हणून बसवून ठेवावं, ही आपली मायेची रीत. त्या मायेबद्दल मला शंका नाही. पण शरीर तिचा हिशेब वेगळा मांडतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सरासरी 67 वर्षं वयाच्या 12 निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. 2007 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दहाच दिवसांत त्यांच्या पायांतलं सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं. ती माणसं धडधाकट होती. आपल्या घरात जी ब्याऐंशी वर्षांची आजी तापातून उठते आहे, तिच्याकडे झडायला मुळात किती शिल्लक असेल?

याची दुसरी बाजू मात्र फार आशेची आहे. 1990 साली बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या, अगदी दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. दहांपैकी नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे होती त्याच्या पावणेतीनपट झाली. चार वर्षांनी त्यांनी असाच प्रयोग शंभर जणांवर केला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना नुसतं पौष्टिक पेय दिलं, काहींना दोन्ही. व्यायाम करणारे भराभर चालू लागले, जिने चढू लागले. नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा हटला नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत फडताळावर प्रोटीनच्या पावडरीचा डबा असतो आणि तोच सेवेचा पुरावा वाटतो. डबा असू द्या, पण त्याच्या जोडीला पाय हलले पाहिजेत.

आपल्या घरातलं माणूस त्या घसरणीला लागलं आहे का, हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये पाच खुणा सांगितल्या, त्या आजही जगभर वापरतात. प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकल्यासारखं वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचांतल्या तीन दिसल्या तर ते माणूस जर्जर झालं आहे असं समजायचं. एकदोन दिसल्या तर ते त्या वाटेवर आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर बघा. बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून बाबांनी लोणचं खाणंच सोडलं आहे का? आईच्या बांगड्या मनगटावरून पुढे घसरतात का? खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावूनही पहिल्या खेपेला उठता येत नाही, असं होतं का?

आता अड्यारची म्हणून जी अडचण आहे, तिच्याकडे येते. इथली मराठी म्हातारी माणसं दोन प्रकारची आहेत. एक, मुलाच्या किंवा मुलीच्या नोकरीमागून सांगली, अकोला, नाशिक, ठाणे इथून सत्तरीत आलेली. गावाकडे त्यांना ज्येष्ठ नागरिक संघ होता, विरंगुळा केंद्र होतं, देवळाचा कट्टा होता, वाचनालय होतं, ओळखीची भाजीवाली होती. गुडघे दुखत असले तरी माणूस तिथे बाहेर पडायचा, कारण बाहेर कुणीतरी वाट पाहत असायचं. इथे पहारेकऱ्याशी बोलता येत नाही, भाजीवालीचं समजत नाही, शेजारच्या मामी प्रेमाने काही विचारतात त्याला नुसतं हसून उत्तर द्यावं लागतं. त्यात कानाला थोडं कमी ऐकू येत असेल तर परक्या भाषेतलं काहीच उमगत नाही. हळूहळू माणूस खाली जाणंच सोडतो. सून म्हणते, आईंना बाहेर आवडत नाही. आईंना बाहेर न आवडायला काय झालं? बाहेर त्यांच्याशी बोलणारं कोणी नाही, एवढंच आहे.

ही केवळ मनाची खंत म्हणून सोडून देता येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये मांडलं की जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 45 टक्के रुग्णांमागे बदलता येण्याजोगी 14 कारणं आहेत. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, शरीराची हालचाल नसणं, एकाकीपण ही सगळी त्या यादीत आहेत. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मधला अंदाज आहे. अड्यारमधल्या सहाव्या मजल्यावर, परक्या भाषेच्या शहरात, कानाला यंत्र न लावता, दिवसभर मराठी वाहिनीसमोर बसलेल्या आजोबांच्या वाट्याला यांतली किती कारणं एकदम आली आहेत ते मोजा.

दुसरा प्रकार तंजावरी मराठी घरांचा. ज्यांच्या राजाने, दुसऱ्या सरफोजींनी, 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, ती मंडळी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात त्यांची मराठी, बाहेर अस्खलित तमिळ. त्यांच्यातल्या वृद्धांची अडचण उलटी आहे: मुलं अमेरिकेत, नातवंडं इंग्रजीत, आणि त्यांच्या वळणाची मराठी बोलायला घरात समोर कोणी उरलेलं नाही. मला वाटतं, या दोन प्रकारच्या घरांची गाठ घालून दिली तर अर्धं काम होईल. नाशिकच्या आजींना तमिळ येणारी मैत्रीण मिळेल, आणि तंजावरी आजोबांना आपलं बोलणं कान देऊन ऐकणारा माणूस मिळेल. हे करायला संस्था लागत नाही, एक फोन लागतो. तुम्हाला दोन्ही बाजूंची घरं माहीत असतील तर तो फोन या आठवड्यात करा.

घरात काय करायचं ते आता सविस्तर सांगते, कारण ‘व्यायाम करा’ म्हणून सोडून दिलं की काही घडत नाही.

पहिली गोष्ट खुर्चीची. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजींना थोडं पुढे सरकून बसू द्या, पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या किंचित मागे. अंग पुढे झुकवून, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभं राहायचं, दोन श्वास थांबायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही. सावकाश बसण्यातच मांड्यांचं खरं काम होतं. पाच वेळा जमलं तर पाच, दोन वेळा जमलं तर दोन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आठवड्याभराने एखादी वाढवा, हातांचा जोर थोडा कमी करा. शौचालयात स्वतः उठता येणं, रिक्षातून स्वतः उतरता येणं, हे सगळं या एका उठण्याबसण्यावर अवलंबून आहे. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

मग ओट्याची कड धरून टाचा उचलणं, एक पाय बाजूला नेऊन परत आणणं, एका पायावर थोडा भार देऊन उभं राहणं. मागे कोणीतरी उभं असावं, पण धरून ठेवू नये. आणि चालणं: पाऊस असेल तर इमारतीच्या पॅसेजमध्ये, या दारापासून त्या दारापर्यंत. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. घरात मोजे घालून फरशीवर चालू देऊ नका. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये एक साधी खूण नोंदवली होती: चालताना बोलायला लागलं की ज्या वृद्धांची पावलं थांबतात, ते पुढच्या काही महिन्यांत पडण्याचा धोका जास्त असतो. अशा माणसाला चालवताना गप्पा मारू नका. थांबून बोला, मग चाला. ज्याची पावलं थांबत नाहीत, त्याच्याशी मात्र चालता चालता भरपूर बोला.

पडण्याची भीती खोटी नाही. 65 वर्षांपुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्याच संघटनेचा 2020 चा सल्ला असा की वृद्धांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. अनेक देशांतल्या 108 चाचण्या एकत्र तपासल्यावर असं दिसलं की व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटतं. म्हणजे पडू नये म्हणून बसवून ठेवलेल्या माणसाचा धोका आपण दर आठवड्याला वाढवत असतो.

सावधगिरी कुठे हवी तेही सांगते. छातीत दुखत असेल, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, नुकतंच पडणं झालं असेल, हाड मोडून गेलेलं असेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या गोळ्यासुद्धा, आणि बसलेलं असताना व उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा. कितीदा असं असतं की चालता न येण्याचं मूळ पायांत नसतं, एका जास्तीच्या गोळीत किंवा पिकलेल्या मोतीबिंदूत असतं.

अड्यार नदी ओलांडली की मंदवेळी, आणि तिथे कृष्णमाचार्य योग मंदिरम् आहे. ज्यांच्या नावाने ते 1976 साली सुरू झालं ते तिरुमलै कृष्णमाचार्य शंभर वर्षं जगले, आणि त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षं याच शहरात गेली. वयाच्या 96व्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा अंथरुणातच करता येतील असे अभ्यास त्यांनी स्वतःसाठी बसवले. शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली होती; तो भाग कुणी अनुकरणासाठी घेऊ नये, आज खुब्याच्या मोडीवर लवकर शस्त्रक्रिया करून माणसाला लवकर उभं करणं हेच योग्य मानतात. घ्यायचं ते हे की अंथरुणातही शरीराला काम देता येतं. त्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आखडलेल्या माणसांनाही आसनं करता येतील अशी पद्धत त्यांनी घडवली. पुण्यातून इथे आलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी ती पद्धत स्वतः केलेली असेल. त्यांना विचारा. ‘पूर्वी करायचे’ असं म्हणतील. खुर्ची समोर ठेवून परत सुरू करायला सांगा.

मात्र व्यायामापेक्षाही जास्त काळ टिकणारी गोष्ट म्हणजे घरातलं काम. ती आपण त्यांच्याकडून काढून घेतली आहे आणि ती परत द्यायला हवी. ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ हे वाक्य कृपा करून घरातून हद्दपार करा. लसूण सोलणं, वाती वळणं, कणीक मळणं, धुतलेले रुमाल पिळणं आणि घड्या घालणं, चिंचेतले चिंचोके काढणं, शेवग्याचा पाला निवडणं. इथे तो बाजारात ढिगाने मिळतो आणि एक जुडी निवडायला तास लागतो, म्हणजे एक तास बोटांना काम. फुलवालीकडून सुटी मोगऱ्याची फुलं आणा आणि गजरा ओवायला द्या. दारातली रांगोळी वाकून काढता येत नसेल तर पाटावर काढू द्या. ठिपके मोजून ते जोडत जाणं हे डोक्याला आणि हाताला एकदम काम आहे. ही कामं हळू होतील. भाजी जाड चिरली जाईल. तुम्हाला ऑफिसला उशीर होत असेल तेव्हा तुमची तुम्ही चिरा, पण संध्याकाळची त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आजोबांच्या हाती तर आपण काहीच ठेवत नाही. चाळीस वर्षं घराचा, शेताचा, दप्तराचा हिशेब सांभाळलेल्या माणसाला विजेचं बिलही दाखवत नाही. महिन्याचा किराणा, दूध, पेपर यांचा हिशेब त्यांच्याकडे द्या. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ असते; ती म्हणून घ्या, तुमच्या मुलांना शिकवू द्या. नवीन शिकण्याचं वय गेलं असं म्हणू नका. तमिळ अक्षरं मराठीपेक्षा थोडी आहेत. बसवरची पाटी वाचता येईल इतकी ती दोन-तीन महिन्यांत येतात, आणि ज्या दिवशी आजोबा ‘तिरुवान्मियूर’ वाचतील त्या दिवशी ते बसथांब्यापर्यंत जायला तयार होतील. त्यांच्या आठवणी लिहून घ्या. पुण्याच्या आजीने 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेला असेल, साताऱ्याच्या आजोबांनी 1967 चा कोयनेचा भूकंप. अड्यारमधल्या पोरांना पूर म्हणजे काय ते कळतं, ती ऐकतील.

ज्यांची स्मृती आधीच ढळू लागली आहे, त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘मी कोण, सांग पाहू’ हा प्रश्न त्यांना घाबरवतो. त्यांच्या हातात ओळखीचं काम द्या, ओळखीचं भजन लावा, त्यांनी सुरुवात केली तर साथ द्या. आणि जे महिनोन्‌महिने गप्प आहेत, जेवणाला नको म्हणतात, पहाटे तीनला जागे होऊन बसतात, त्यांना ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी 14567.

जेवणाबद्दल थोडंच. रात्री चहा-बिस्किटावर भागवणारी खूप म्हातारी माणसं मला माहीत आहेत. व्यायामाने स्नायू तयार व्हायला प्रथिनं लागतात: वरण, पिठलं, उसळ, दही, ताक, चालत असेल तर अंडं, मासे. नवरात्रात घरोघरी मिळणारं सुंडल हे आपल्या उसळीचंच भावंड. दात नसतील तर मऊ शिजवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

आता ज्या घरांत सांभाळायला बाई ठेवलेली आहे त्यांच्यासाठी. त्या अक्का मेहनती असतात, पण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून त्या सगळं स्वतःच करून टाकतात: भरवतात, उचलतात, चाकाच्या खुर्चीतून न्हाणीघरात नेतात. त्यांना बसवून समजावून सांगा की आजींना स्वतः जेवायला अर्धा तास लागला तरी चालेल, हात धरून दहा पावलं चालवणं हे त्यांच्या पगाराचं काम आहे, वेळ वाया घालवणं नव्हे. आजींना ‘तण्णी’, ‘मेदुवा’, ‘वलिक्किदु’ असे पाच-सहा शब्द शिकवा, म्हणजे पाणी हवं, हळू चल, दुखतंय एवढं तरी त्यांना स्वतः सांगता येईल. अक्कांना तितकेच मराठी शब्द शिकवा. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही तो चालायला नाहीच म्हणणार.

2015 चा डिसेंबर इथे राहणाऱ्या कोणी विसरलेलं नाही. 1 तारखेच्या रात्रीपासून अड्यार नदी कोट्टूरपुरममध्ये शिरली, वीज गेली, फोन गेले, लिफ्ट बंद पडल्या. ज्यांना एक जिना चढता येत होता ते वरच्या मजल्यावर गेले. ज्यांना येत नव्हता त्यांना खुर्चीत घालून, पाठीवर घेऊन, होडीत बसवून न्यावं लागलं. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने शहर पुन्हा पाण्यात घातलं. असं पुन्हा होणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. पावसाच्या आधी आजींना एक जिना, कठडा धरून, थांबत थांबत, चढता आला पाहिजे. हे मी व्यायामाचं ध्येय म्हणून सांगत नाही, जीव वाचवण्याची तयारी म्हणून सांगते आहे.

इमारतींच्या समित्यांना विनंती: जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा, प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवा, पॅसेजमधले दिवे संध्याकाळी लवकर लावा, आणि तळमजल्यावरचा हॉल दुपारी दोन तास वृद्धांसाठी उघडा ठेवा. महापालिकेला आणि मेट्रोच्या कामाच्या अधिकाऱ्यांना विनंती: अड्यारमधले रस्ते कामासाठी खोदलेले आहेत हे आम्हाला समजतं, पण काठी टेकत जाणाऱ्या माणसाला पाऊल ठेवायला हातभर सपाट पट्टी आणि रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ हवा.

सरकारी सोयींचा उपयोग आपण मराठी मंडळी फार कमी करतो, भाषेच्या धास्तीने. ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ ही राज्य सरकारची योजना ऑगस्ट 2021 पासून चालू आहे. तिच्यात रक्तदाब-मधुमेहाची औषधं आणि गरजूंना फिजिओथेरपीही घरी येऊन दिली जाते. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन नाव नोंदवा, सोबत तमिळ बोलणारा शेजारी न्या. गिंडीला 2024 मध्ये खास वृद्धांसाठी 200 खाटांचं सरकारी रुग्णालय सुरू झालं आहे. अड्यारपासून ते काही फार लांब नाही. आणि हे शहर या विषयात मागचं नव्हे: डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा विभाग सुरू केला, आणि 1996 मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, ते देशात पहिलं. आपण जिथे राहतो तिथली ही जमेची बाजू वापरू या.

आता तरुणांना. आयआयटी मद्रास, अण्णा विद्यापीठ, तरमणीच्या संस्था, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कंपन्या, इथे शेकडो मराठी मुलं-मुली आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाकडून आठवड्याचा एक तास मागते आहे. एका ठरलेल्या घरी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. त्यांना खुर्चीतून उठवायला, पॅसेजमध्ये चालवायला, मराठी बोलायला आणि त्यांच्या हातचं काहीतरी खायला. नेमाने जाता येणार नसेल तर कबूल करू नका. जो माणूस दर शनिवारी कपडे बदलून दाराकडे पाहत बसतो, त्याला न येणं फार लागतं. पैसे नकोत, देणगी नको.

नवरात्र तोंडावर आहे. इथल्या घरोघरी बाहुल्यांचा कोलू मांडतील, आणि आपल्या घरी भोंडला होईल. या वर्षी भोंडला तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या जवळ ठेवा, म्हणजे वॉकर घेऊन येता येईल. ज्यांना फेर धरता येतो त्यांचा हात धरून सावकाश फेर धरा. ज्यांना नाही त्यांची खुर्ची रिंगणात घ्या, भिंतीकडेला नको. गाणी त्यांनाच सांगू द्या, त्यांना ती आपल्यापेक्षा जास्त येतात. तंजावरी घरांना आवर्जून बोलवा आणि त्यांच्या कोलूला आपल्या आजींना घेऊन जा.

1 ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. अड्यारमधल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष ॲनी बेझंट यांचा जन्मही 1 ऑक्टोबरचा, 1847 चा. टिळकांच्या पाठोपाठ 1916 मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली तेव्हा त्या 69 वर्षांच्या होणार होत्या; पुढच्या वर्षी सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं, आणि सुटून आल्यावर त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या नावाच्या वस्तीत राहणाऱ्या आपण सत्तरीच्या माणसाला ‘तुम्ही बसा’ कसं म्हणतो?

त्या तारखेच्या आत एवढं करा. तुमच्या इमारतीतल्या, शेजारच्या गल्लीतल्या, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या घरातल्या एका मराठी वृद्ध माणसाची चौकशी करा. ते कोणत्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे का, काठी लागते का, ऐकू येतं का, गावाकडे काय काम करत होते, आणि दुपारी त्यांच्याशी बोलायला कोणी असतं का. मग त्यांच्या मुलाला किंवा सुनेला विचारून, त्या आठवड्यातला एक तास ठरवून, त्यांच्या दाराची घंटा वाजवा. पहिल्या भेटीत व्यायाम काढू नका. गाव विचारा, चहा घ्या, आणि निघताना लिफ्टपर्यंत सोडायला चला म्हणा. दुसऱ्या भेटीत खालपर्यंत.

ज्या घरात असं माणूस आहे आणि मदत हवी आहे, त्यांनीही संकोच करू नये. इमारतीच्या गटावर एक ओळ टाका: ‘आमच्या आई मराठी आहेत, त्यांना सोबत हवी आहे.’ अड्यारमध्ये मराठी वाचणारं कोणीतरी ती ओळ वाचेल.